हवालदार धोंडीरामांचा गोळा

माझे सासरे धोंडीराम यांचा एका गोष्टीवर ठाम विश्वास होता: बिघडलेली वस्तू दुरुस्त होते. होत नसेल, तर दुरुस्त करणारा आळशी आहे. फौजेत ते गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होते. माण तालुक्यातून भरती झालेला हा माणूस जबलपूर, जोधपूर, तेजपूर असा देशभर हिंडला आणि दिल्ली कॅन्टोन्मेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाला. आमच्या घरातला मिक्सर, गीझर, इस्त्री यांपैकी काहीही त्यांनी कधी दुकानात जाऊ दिलं नाही. मी एकदा वैतागून नवी इस्त्री आणली, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी जुनी इस्त्री तापवून माझ्यासमोर ठेवली. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो.

या शिपायाने मुलाचं नाव मात्र राजवर्धन ठेवलं. तो माझा नवरा. उदारीकरणाच्या लाटेत त्याला गुडगावच्या कंप्युटर कंपनीत नोकरी मिळाली, मलाही तिथेच एका ऑफिसात मिळाली, आणि आम्ही एका नव्या सोसायटीत सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. खिडकीतून एका बाजूला काचेचे टॉवर आणि दुसऱ्या बाजूला मोहरीची शेतं दिसायची. दर महिन्याला शेत थोडं मागे सरकायचं. आबा आणि आई आमच्याकडे राहायला आले, ते या सातव्या मजल्यावर.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, कृष्णाबाई. त्या दोघांचं लग्न हे मुख्यतः सुट्टीतलं लग्न. ते पोस्टिंगवर, या गावाकडे. दिल्लीत एकत्र बिऱ्हाड मांडेपर्यंत राजवर्धनला मिसरूड फुटलं होतं. त्यामुळे एकमेकांची सवय अशी कधी झालीच नाही. बाजारात गेले की आबा चार पावलं पुढे, आई मागे. घरात बोलायचे तेही भिंतीकडे बघून. “अगं, औषध घेतलंस का?” “घेतलं हो.” संपला संवाद. मी पुण्याची, लग्नाआधी राजवर्धनचा हात धरून डेक्कनला फिरलेली. मला याचं हसूही यायचं आणि रागही यायचा.

त्या वर्षी होळीनंतर एका सकाळी आई चहाचा कप उचलायला गेल्या आणि कप हातातून निसटला. पुन्हा उचलायला गेल्या, तर हातच उठेना. अर्धांगवायू. हॉस्पिटलातून घरी आल्या तेव्हा पाय ओढत का होईना, आधाराने चालत होत्या. बोलणं जड झालं होतं, पण एकेक शब्द सुटा सुटा यायचा. उजवा हात मात्र गेला तो गेला. मांडीवर ठेवला तर मांडीवर राहायचा, सरकून खाली लोंबला तर तिथेच लोंबायचा. डॉक्टर म्हणाले, “पहले कुछ महीने इम्पॉर्टंट होते हैं. जो आना है, इसी साल में आएगा. उसके बाद ज्यादा उम्मीद मत रखिए.” डॉक्टर हे रोज कुणाला ना कुणाला सांगत असणार. आबांनी ते हुकूम ऐकावा तसं ऐकलं आणि त्या दिवसापासून वर्ष संपायच्या आत तो हात परत आणायचा, एवढं एकच काम त्यांना उरलं.

फिजिओथेरपिस्टचा दवाखाना सेक्टरच्या जुन्या मार्केटमध्ये होता. शेजारी खेत्रपाल नावाच्या पंजाबी माणसाचं व्हिडिओ गेमचं पार्लर. एका दुपारी दवाखान्यात गर्दी होती, बाहेर लूचे भाजून काढणारे वारे चालले होते, म्हणून खेत्रपालने आबा-आईंना आपल्या कूलरसमोर बसायला बोलावलं. कोपऱ्यात एक जुनं मशीन उभं होतं. त्याचा मेहुणा कधीकाळी परदेशातून ते वापरलेलं घेऊन आला होता. इतर मशीनना दांडी आणि बटणं. याला मात्र फळीत अर्धा बुडालेला पांढरा गोळा. तळव्याने तो गोळा फिरवायचा, की पडद्यावर एक छोटी होडी इकडेतिकडे वळायची आणि वरून कोसळणारे दगड चुकवायची. बोटांनी काही धरायचं नाही, काही दाबायचं नाही. नुसता तळवा ठेवायचा. आबांनी आईंची खुर्ची तिथे सरकवली आणि त्यांचा निर्जीव हात उचलून गोळ्यावर ठेवला.

त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर आबा लिफ्टपाशीच उभे. “सूनबाई, हात हलला!” एवढंच म्हणाले आणि खिशातून पेढ्याचा पुडा काढला.

मग रोजचाच नेम झाला. फिजिओ आटोपला की दोघं पार्लरमध्ये. दुपारी तिथे कुणी नसायचं. खेत्रपाल शटर अर्धं ओढून डुलक्या काढायचा. रात्री जेवताना आबा आम्हाला बातमीपत्र द्यायचे: आज इतके दगड चुकवले, आज तिसऱ्या लेव्हलला गेली. आई खाली मान घालून डाव्या हाताने भात चिवडत राहायच्या, पण गालात हसायच्या. फिजिओचं म्हणणं मात्र वेगळं होतं. त्याच्यासमोर हात जराही हलत नाही, पेशंट कोऑपरेट करत नाही, अशी त्याची तक्रार. आबांनी ते उडवून लावलं. “परक्या पुरुषाने हात धरला की ती आखडते. तिकडे मशीनवर बघा म्हणावं.” फिजिओला वेळ नव्हता, आम्हाला ऑफिस होतं. बघायला कुणीच गेलं नाही. आबा खोटं बोलत नाहीत हे आम्हाला माहीत होतं, तेवढं पुरलं.

खंडेनवमी आली. आबांच्या आयुष्यात दिवाळीपेक्षा हा सण मोठा. फौजेत या दिवशी शस्त्रांची पूजा व्हायची आणि आबा आपल्या पान्यांची, पकडींची आणि मीटरची पूजा करायचे. ज्याने पोट भरलं त्याला वर्षातून एकदा हळदकुंकू वाहायचं आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही, ही त्यांची रीत. त्या वर्षी त्यांनी पान्यांची पूजा आटोपली, झेंडूची फुलं पिशवीत घातली आणि आईंना घेऊन पार्लर गाठलं. ज्या यंत्राने बायकोचा हात परत दिला, त्याची पूजा नको का? खेत्रपालने आधी स्वतःही हात जोडले. आबांनी गोळ्याला हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली. आईंच्या डाव्या हातात पंचामृताची वाटी होती. देवघरातल्या बाळकृष्णाला न्हाऊ घालतात, तशी त्यांनी ती वाटी त्या पांढऱ्या गोळ्यावर रिती केली.

दूध, दही, तूप, मध, साखर सगळं फटीतून आत उतरलं. मशीन चालूच होतं. पडद्यावरची होडी एकदा गरकन फिरली, आतून जळका वास आला आणि पडदा काळा झाला. “विश्वकर्मा पूजा दिवाली के बाद होती है, अंकल! और उसमें भी मशीन को कोई नहलाता नहीं!” असं खेत्रपाल ओरडला म्हणे. आबांनी हे सगळं आम्हाला रात्री सांगितलं, उभ्याने, कोर्ट मार्शलपुढे सांगावं तसं. शेवटी म्हणाले, “मीच मारलं त्याला.” मला आधी हसू आलं होतं. त्यांचा चेहरा बघितला आणि घशाशी आलेलं हसू तिथेच जिरलं.

खेत्रपाल तसा दिलदार. त्याला नाहीतरी हायवेवर उभ्या राहणाऱ्या मॉलमध्ये नवं पार्लर थाटायचं होतं. “ले जाओ अंकल, मेरा सिरदर्द कम करो,” म्हणाला. मग ते कपाटाएवढं मशीन टेम्पोत चढलं, सोसायटीच्या गार्डशी भांडण करून लिफ्टमध्ये शिरलं आणि आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या जागी येऊन उभं राहिलं. सोफा गॅलरीत गेला.

आबांनी मशीन उघडलं, कापसाने एकेक भाग पुसला. पडदा पेटला, होडी दिसली. पण गोळ्याखालचं सगळं गेलं होतं. रूळ गंजायला लागले होते, फिरण्याचा हिशोब ठेवणारी पट्टी जळली होती आणि गोळ्यालाही उष्णतेने तडा गेला होता. राजवर्धनने इंटरनेटवर शोधलं. अमेरिकेत एका माणसाकडे तसाच जुना, अस्सल भाग होता. त्याची किंमत, विमानाचं भाडं आणि कस्टम मिळून जो आकडा झाला, त्यात आमचं नवं घर अर्धं सजलं असतं. राजवर्धन तरी म्हणाला, “आबा, मी कर्ज काढतो.” आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा म्हणून बोलला नाही. बदली भाग मिळणार, परवडणारा मिळणार आणि तो आपणच शोधणार, असं त्यांनी ठरवलं होतं.

दिवाळी गेली ती या शोधात. सकाळी आईंचं आवरून, शेजारच्या बाईंना बसवून आबा बाहेर पडायचे. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमधून त्यांनी आधी दांडी आणली. ती धरायला बोटं मिटावी लागतात, आईंची मिटत नव्हती. मायापुरीच्या भंगारबाजारात मोडलेली मशीनं उलटीपालटी करत ते दिवसभर उकिडवे बसायचे. कुणी सायकलीचं चाक दाखवी, कुणी गाडीचं स्टिअरिंग. “गोला चाहिए, गोला,” असं ते त्यांच्या फौजी हिंदीत सांगत आणि लोकांना वाटे म्हातारा तोफेचा गोळा मागतोय. संध्याकाळी पायाला ग्रीस, नखांत काळं आणि हातात काहीतरी निरुपयोगी घेऊन परतायचे. जेवायला बसायचे आणि अर्ध्या ताटावरून उठायचे. एकदा मी चिडून म्हणाले, “आबा, तुम्ही आडवे झालात तर दोघांचं कोण करणार?” तर म्हणाले, “जानेवारी तोंडावर आलाय, सूनबाई. डॉक्टरनं दिलेलं वर्ष संपतंय.”

नेहरू प्लेसला फुटपाथवर कंप्युटरचे जुने माऊस ढिगाने विकत. त्यातला एक उलटा करून बघताना आबांच्या डोक्यात प्रकाश पडला. माऊसच्या पोटातही छोटा गोळाच असतो, तोही रूळ फिरवतो. मग त्यांनी माऊसचं आतडं काढून मशीनमध्ये बसवलं. आता हवा होता फक्त तळव्याएवढा गोळा. बिलियर्डचा आणला, तो लहान. क्रिकेटचा आणला, त्याची शिवण अडकायची. शेवटी कॅन्टोन्मेंटच्या पोलो मैदानावरच्या ओळखीच्या माळ्याने एक पांढरा पोलोचा चेंडू दिला. आबांनी तो पॉलिश पेपरने घासला, मेण चोळलं, खाली स्कूटरच्या बेअरिंग बसवल्या. बटण दाबलं आणि तळवा फिरवला. होडी पाण्यात सोडल्यासारखी वळली.

आम्ही टाळ्या वाजवल्या. राजवर्धनने तर तिथेच पाच-सात दगड चुकवून दाखवले. मग आईंची खुर्ची पुढे सरकवली. आबांनी त्यांचा हात उचलून गोळ्यावर ठेवला आणि ते मागे सरून उभे राहिले, पाय फाकून, हात पाठीशी. शेजारच्या बाई आल्या होत्या, आम्ही दोघं होतो. सगळे त्या हाताकडे बघत होतो.

हात पडून राहिला. दगड आले, होडी फुटली. पुन्हा आले, पुन्हा फुटली. आईंच्या कपाळावर घाम आला. “होईल, होईल,” आबा म्हणाले, पण त्यांचा आवाज चिरकला.

त्यानंतरचे दिवस आठवले तरी मला नको वाटतं. आबांनी तो गोळा पुन्हा घासला. खरखरीत आहे म्हणाले. मग जड आहे म्हणाले आणि आतून पोखरला. मग हलका झाला म्हणाले. दुसरा आणला. बेअरिंग बदलल्या, तेल बदललं, फळीचा उतार बदलला. रोज संध्याकाळी आईंना खुर्चीत बसवायचं, हात ठेवायचा, मागे सरून उभं राहायचं आणि काही घडलं नाही की पुन्हा मशीन उघडायचं. आई डाव्या हातानेही धड जेवेनाशा झाल्या. एकदा मी त्यांना जेवण भरवताना विचारलं, “आई, जुन्या गोळ्यापेक्षा हा कुठे वेगळा लागतो हो? खालून की वरून?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आणलं. मी घास ताटात ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. फिजिओने घरी येऊन तपासलं आणि जाताना राजवर्धनला बाजूला घेऊन म्हणाला, “अब जो है, सो है.” आबांनी ते ऐकलं. रात्रभर त्यांच्या खोलीतला दिवा चालू होता.

शेवटी मी स्वतःच नव्या मॉलमध्ये जाऊन खेत्रपालला गाठलं. म्हटलं, तो जुना गोळा नेमका कसा होता ते सांगा. वजन किती, घासलेला होता की गुळगुळीत? खेत्रपाल हसला. “अरे भाभीजी, बॉल तो बॉल था. अंकल अकेले कहाँ खेलने देते थे आंटी को! नीचे आंटी का हाथ, ऊपर अंकल का. पूरा टाइम. मैं तो इसी लिए शटर आधा गिरा देता था, बुजुर्गों को शरम न आए.”

मी तिथे गोंगाटात उभी राहिले आणि सगळं उलगडल्यासारखं वाटलं. आधार! वरून त्यांच्या हाताचा आधार असला की आईंचा हात चालतो. फिजिओही म्हणायचा की आधार देऊन हालचाल करवून घ्या. घरी आमच्यासमोर आबा तो हात ठेवत नव्हते, एवढंच काय ते. पण हे सासऱ्यांना सांगायचं कसं? राजवर्धनला म्हटलं, तू सांग. तो कानापर्यंत लाल झाला. “वेडी आहेस का यार? मी आबांना असं सांगू?” त्याला आई-वडिलांनी एकमेकांना हळद लागल्यावर तरी शिवलं होतं की नाही, अशी शंका असावी. मग मीच युक्ती काढली. रविवारी आम्ही दोघं पानिपतला रजया आणायला दिवसभर जातो असं जाहीर केलं, शेजारच्या बाईंना येऊ नका म्हणून सांगितलं आणि निघताना आबांना म्हटलं, “खेत्रपाल भेटला होता. तिकडे जसं करत होतात, तसंच करून बघा.” आबांनी जमिनीकडे बघत मान हलवली.

हायवेवर धुकं असं दाटलं होतं की पुढच्या ट्रकचा दिवा दिसेना. सोनिपतच्या आधीच राजवर्धनने गाडी वळवली. दुपारी घरी आलो, मी माझ्या किल्लीने दार उघडलं. मशीनचा आवाज येत होता. दोघं पाठमोरी होती. आई खुर्चीत, आबा त्यांच्या मागून वाकलेले, आणि त्यांचा हात आईंच्या हातावर. पडद्यावरची होडी दगडांमधून सफाईने वळत होती. मी आनंदाने राजवर्धनचा दंड दाबला.

तेवढ्यात आबांनी आपला हात अलगद उचलला. होडी थांबली, दगड येऊन आदळला. त्यांनी हात पुन्हा ठेवला. होडी चालली. उचलला. थांबली. ठेवला, उचलला, ठेवला. एखाद्या यंत्रातला दोष शोधताना ते एकेक तार काढून बघायचे आणि पुन्हा जोडायचे, अगदी तसं.

“अगं,” ते म्हणाले, “ह्यात तुझं काहीच नाही. माझंच ढकलणं आहे हे.” त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. “तिकडंबी हलत नव्हता तुझा हात. मीच हलवत होतो आणि मलाच वाटत होतं…”

आईंनी पडद्यावरून नजर काढली नाही. “ठावं… होतं.”

“कधीपासनं?”

“पयल्या… दिवसापासनं.”

आबा ताठ झाले. “मग बोलली का नाहीस? सगळी दिल्ली पालथी घातली मी त्या गोळ्यापायी! वर्ष गेलं हातचं. दुसरं काही केलं असतं, दुसरा डॉक्टर बघितला असता. एका शब्दानं बोलायचंस तरी!” ते ओरडत होते आणि रडत होते. माझ्या लग्नापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. राजवर्धन पुढे जायला निघाला, मी त्याला मागे ओढलं.

आईंना शब्द जुळवायला वेळ लागला. ओठ वाकडा होत होता, पण त्यांनी एकेक शब्द नीट उच्चारला.

“बोलले असते… तर हात… काढून घेतला असता तुम्ही.”

पडद्यावर नवे दगड पडायला लागले होते. पाठीमागे राजवर्धनच्या हातून गाडीची किल्ली पडली आणि आबांनी वळून पाहिलं. दारात मुलगा आणि सून उभी होती. आबांचा चेहरा ओला होता, तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही. हात आईंच्या हातावर होता, तो तिथेच राहिला.

“सूनबाई,” ते म्हणाले, “ते मागचं बटण तेवढं बंद करा. माझा हात मोकळा नाही.”

मी चपला न काढताच आत गेले आणि बटण बंद केलं.